पहाटे शीळ घालणारा पक्षी कोणता? मदत हवी आहे

ओढ्याकाठी: सध्या गावी आलो आहे. रोज पहाटे, पुरते उजाडण्याआधीच, घरामागून कोणीतरी शीळ घातल्याचा आवाज येतो. शेजारचा पोरगा गुरे सोडायला निघाला असावा, असे आधी वाटले. परंतु हा सूर वर चढतो, मध्येच घसरतो, थांबतो आणि पुन्हा भलत्याच ठिकाणाहून सुरू होतो. पक्षी दिसत नाही. नेटवर शोधून कंटाळलो आहे, तेव्हा कृपया नेमके नाव सांगावे. कोकीळ नाही, एवढे मला कळते.

माळरान: गाव कोणते, महिना कोणता, भोवती आमराई आहे की जंगल, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. आवाजावरून पक्षी ओळखायचा तर निम्मे उत्तर स्थळ आणि ऋतूच देतात. जमल्यास ध्वनिमुद्रण करून येथे चढवावे.

परसबाग: यात शोधण्यासारखे काय आहे? हा दयाळ. ठाण्यात आमच्या सोसायटीत तो उन्हाळाभर पहाटेपासून गात असतो.

घाटवाट: दयाळ शेंड्यावर किंवा तारेवर उघडा बसून गातो, तो इतके दिवस दिसणार नाही, हे पटत नाही. भृंगराज असू शकेल, कारण तो इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो.

परसबाग: नक्कल म्हटले की कोणताही आवाज भृंगराजाच्या नावावर खपवता येतो.

ओढ्याकाठी: वाद नको, उत्तर हवे. गाव आंबोलीजवळ आहे, पाऊस लागला आहे आणि घरामागच्या उतारावर ओढा आहे. दिवसा ओढ्यावर उतरलो की एखादी बारीक, कानात घुसणारी ‘क्रीऽऽ’ ऐकू येते आणि काहीतरी काळे पाण्यालगत उडून जाते. त्याचा याच्याशी संबंध आहे का, ते माहीत नाही.

माळरान: हेच आधी सांगायला हवे होते. हा शीळकरी कस्तूर असावा. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या आणि धबधब्यांच्या कडेने तो राहतो, त्याची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते आणि त्या काळात त्याचे गाणे भरात असते. माणसाने सहज चाळा म्हणून घातलेल्या शिळेसारखे ते लांबते, त्यात ठरलेली चाल नसते. उलट पावशा तोच तुकडा चढत्या पट्टीत घोकतो आणि एकदम तुटतो. बारीक ‘क्री’ ही कस्तुराची इशाऱ्याची हाक आहे. खात्रीसाठी झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर त्याची मुद्रणे ऐकावीत.

घाटवाट: तेच मुद्रण मोबाइलवर मोठ्याने लावा, म्हणजे नर समोर येईल.

माळरान: कृपया असे करू नये. विणीच्या दिवसांत दुसरा नर हद्दीत शिरला असे समजून तो घरटे आणि खाणे सोडून विनाकारण झुंजायला येतो.

दुर्बीणधारी: छायाचित्र घ्यायचे असल्यास ४०० मिलिमीटरपेक्षा कमी भिंग घेऊ नये आणि पावसासाठी आच्छादन ठेवावे.

ओढ्याकाठी: माझ्याकडे कॅमेरा नाही आणि मी छायाचित्राविषयी विचारलेले नाही. ऐकलेली मुद्रणे बरीचशी जुळतात. आज तो ओढ्यातल्या दगडावर क्षणभर दिसलाही, परंतु मला तो काळाच वाटला. कस्तुराच्या चित्रात तर चकचकीत निळा रंग आहे.

माळरान: तो निळा रंग मुख्यतः कपाळावर आणि खांद्यावर असतो आणि उजेड नीट पडला तरच चमकतो. ढगाळ हवेत पक्षी काळाच दिसतो. पंखावर पांढरा पट्टा होता का? दयाळाला तो असतो.

ओढ्याकाठी: पांढरे कोठेही नव्हते. आकाराने साळुंकीपेक्षा किंचित मोठा वाटला.

माळरान: मग कस्तूरच.

परसबाग: आमच्या सोसायटीतला मात्र दयाळच आहे.