मुदतपूर्व निवृत्तीनंतर प्रभूची सेवा: सुरुवात कुठून करावी?

पणती५२: नमस्कार मंडळी. वयाच्या ५२व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. रविवारची उपासना चुकत नाही, पण सोमवार ते शनिवार कशासाठी उठायचं हेच कळेनासं झालंय. सेवेसाठी नाव द्यावं, ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम करावा, की काही महिने नुसतं प्रार्थनेत राहावं?

मनन: आधी बायबलच्या जुन्या करारातलं गणना ८:२४-२६ वाचा. लेवी, म्हणजे इस्राएलात देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाचे लोक, पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, सेवेत येत आणि पन्नासाव्या वर्षी त्या कामातून मोकळे होत. पुढे भाऊबंदांना हातभार लावायचा, नेमलेलं काम मात्र पुन्हा अंगावर घ्यायचं नाही. तुमच्या वयाला इतकं चपखल वचन दुसरं नाही.

म्हणून पहिले तीन महिने कुठल्याही समितीवर जाऊ नका. मोकळा माणूस दिसला की मंडळी (चर्च) त्याला लगेच कामाला जुंपते. एका पदाची पोकळी दुसऱ्या पदाने बुजवली की देवाला बोलायला जागाच उरत नाही. पूर्वी ज्या वेळी कामाला निघत होता, त्याच वेळी अर्धा तास बसा: दहा मिनिटं वाचन, दहा मिनिटं शांतता, उरलेली दहा इतरांसाठी नावं घेऊन प्रार्थना. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. अध्याय सोळाच आहेत, रोज अर्धा घेतला तरी साधारण महिन्याभरात होतं.

रात्री येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाटियस लोयोला यांनी घालून दिलेलं आत्मपरीक्षण करा. देवाचे आभार मानायचे, प्रकाश मागायचा, दिवस सकाळपासून आठवायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची, उद्यासाठी कृपा मागायची. मग वहीत दोनच ओळी: आज कशाने जीव भरून आला, कशाने कोरडा पडला. तीन महिन्यांनी ती वही घेऊन पाळकांकडे जा. जे पुन्हा पुन्हा लिहिलं गेलंय, तिथे तुमचं पाचारण, म्हणजे देवाची हाक, शोधा.

सोबती: वरच्याशी सहमत. त्यानंतर एकच सेवा घ्या, आठवड्यातून दोन अर्धे दिवस, वर्षभरासाठी, आणि घरच्यांना विचारून. आजाऱ्यांच्या भेटीला माणसं नेहमीच कमी पडतात, कारण ती दिवसाउजेडी करायची असते. आधी फोन करून जा. पलंगावर बसू नका, उभंही राहू नका. खुर्ची घ्या, म्हणजे नजर सारख्या उंचीवर येते. पंधरा मिनिटं पुरेत. प्रार्थना करू का, हे विचारा आणि नकार आला तर तो मनापासून स्वीकारा. स्तोत्र १२१ आठच वचनांचं आहे, थकलेल्या माणसालाही ते पेलतं. इतर रोग्यांचे दाखले आणि औषधांचे सल्ले नकोत. तिथे ऐकलेलं प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखालीही बाहेर सांगू नका. सगळ्यात जास्त विश्वास इथेच तुटतो.

कारभारी: हिशेबाची जाण असेल तर तीही सेवाच आहे. दान दोघांनी मिळून मोजा, आकड्यावर दोघांच्या सह्या घ्या. फक्त मंडळी म्हणजे कचेरी नव्हे. हाताखालच्या माणसाला हुकूम द्यायची सवय इथे आणली की स्वयंसेवक गुपचूप गळतात.

पणती५२: आभार. पण प्रार्थनेत मनच लागत नसेल तर?

मनन: वेळ कमी करू नका, वाढवूही नका. मन कोरडं असताना आधीचा निर्णय बदलू नये, हाही इग्नाटियस यांचाच नियम. १ राजे १९ पाहा: संदेष्टा एलीया मरण मागतो, तेव्हा देव त्याला आधी झोप, भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. नवं काम येतं ते थेट पंधराव्या वचनात. झोप उडालीय, भूक गेलीय, दोन आठवडे उदासी हटत नाही, असं असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांनाही भेटा. अभ्यासक्रमाचं म्हणाल, तर शिकवण्याची सेवा हाती आली की मगच नाव घाला. तेव्हा काय शिकायचं हे विद्यार्थ्यांचे प्रश्नच सांगतील.