तपासणीआधी गहू बंद करू नका

ताई, लेकाला सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) आहे का हे पाहायला त्याची चपाती महिनाभर बंद ठेवून मग रक्त तपासू म्हणताय, तसं कृपया करू नका. गहू थांबला की टीटीजी-आयजीए, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारं प्रतिपिंड, उतरत जातं आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आमच्या खानापुरात पुतणीचं हेच झालं. पोट फुगलेलं, दंड काडीसारखे. आजीनं आधीच ज्वारीच्या भाकरीवर ठेवलेली. तपासणीसाठी पुन्हा गहू द्यावा लागला, पोरीचे फार हाल झाले.

सोबत एकूण आयजीएचीही (या प्रकारच्या सगळ्या प्रतिपिंडांची) तपासणी करून घ्या. तेच कमी असेल तर आजार असूनही टीटीजी नॉर्मल दिसून फसवतं. युरोपातल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या १० पट किंवा जास्त आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए (याच आजाराची दुसरी प्रतिपिंड तपासणी) पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) टाळता येते. बेळगावला बालरोगतज्ज्ञांना हे नक्की विचारा.