अनुभव धागा : मेल सर्व्हरची सेटिंग ताडून पाहणाऱ्या स्क्रिप्टचे दोष

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘पोस्टकॉन्फ -डी’ ही आज्ञा सेटिंगची मूळ मूल्ये दाखवते आणि ‘पोस्टकॉन्फ -एन’ आपण मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेली. या दोन्ही याद्या ताडून पाहणारी शेल स्क्रिप्ट (आज्ञा ओळीने चालवणारी फाइल) आपल्यापैकी अनेकांनी लिहिली असेल. ती कुठे अडली आणि दोष कसा सापडला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सांगली, मार्केट यार्ड
हळदीच्या एका अडत पेढीचा सर्व्हर मी सांभाळतो. संदेशाच्या आकाराची मूळ मर्यादा 10240000 बाइट असते आणि जोडलेली फाइल बेस64 या अक्षरी रूपात जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे मालाचे फोटो जेमतेम साडेसात एमबीपर्यंतच जातात. म्हणून ती मर्यादा मी वाढवून ठेवली होती. म्हणजे रात्रीच्या अहवालात निदान तेवढा एक फरक दिसायलाच हवा होता, तरी रोज सकाळी ‘फरक नाही’ असेच येई. हाताने चालवली की स्क्रिप्ट बरोबर उत्तर देई. रात्री स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) एसबिन फोल्डर नव्हते, म्हणून पोस्टकॉन्फ सापडतच नव्हते. त्रुटीचा संदेश डेव्ह-नलकडे, म्हणजे थेट कचऱ्यात, वळवलेला असल्याने तोही दिसत नव्हता, आणि फाइलींतला फरक शोधणारे डिफ बिचारे दोन रिकाम्या फाइली प्रामाणिकपणे सारख्या ठरवत होते. आता पाथ स्क्रिप्टमध्येच लिहिला आहे आणि कोणतीही यादी रिकामी आली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

कराड
आमच्याकडील जुनी स्क्रिप्ट ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने थेट मेन.सीएफ वाचत असे. त्या फाइलमध्ये मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ आधीच्या ओळीचाच भाग असते, त्यामुळे ‘मायनेटवर्क्स’च्या (विश्वासू नेटवर्कांच्या) लांब यादीतील पहिलीच ओळ तुलनेत येई. फाइल वाचण्याचे काम पोस्टकॉन्फवर सोपवल्यावर प्रश्न मिटला.

मिरज
दोन याद्या ताडणाऱ्या ‘कॉम’ या आज्ञेने याद्या क्रमाने नाहीत अशी तक्रार केली, तर आधी लोकेल (अक्षरांचा क्रम ठरवणारी भाषेची सेटिंग) पाहावे. दोन्ही याद्या ‘एलसी_ऑल=सी’ ठेवून सॉर्ट कराव्यात आणि कॉमही त्याच लोकेलमध्ये चालवावे.

वाई
मूळ मूल्याइतकेच मूल्य फाइलमध्ये लिहिले असले, तरी ‘-एन’ ते दाखवतेच. अशा ओळी निरुपयोगी समजून काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. 3.0 आवृत्तीपासून कोणत्या संगणकांवर विश्वास ठेवायचा ते ठरवणाऱ्या ‘मायनेटवर्क्स_स्टाइल’चे मूळ मूल्य सबनेटऐवजी (आपले स्थानिक नेटवर्क) होस्ट (फक्त तोच संगणक) झाले. ज्यांनी सबनेट स्पष्ट लिहून ठेवले होते, त्यांच्या कार्यालयातील इतर संगणकांचे मेल त्या बदलामुळे अडण्याचे कारण नव्हते. माझी स्क्रिप्ट अशा ओळी वेगळ्या शीर्षकाखाली छापते. काढायच्या की ठेवायच्या, ते माणसाने ठरवावे.