भाजलेल्या जखमेवरील पारंपरिक मलमाची चाचणी: तुलना कशाशी करावी?

द्रव्यगुण_अभ्यासक:
शतधौत घृतात (पाण्याने शंभर वेळा धुतलेल्या तुपात) कोरफडीचा गर मिसळून केलेल्या मलमाने भाजलेली जखम लवकर भरते का, हे पांढऱ्या उंदरांवर तपासण्याचा माझा विचार असून पदव्युत्तर प्रबंधासाठी आराखडा करीत आहे. एका गटाला मलम, दुसऱ्याला सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजलेल्या जखमांवर वापरले जाणारे जंतुरोधक मलम) आणि तिसऱ्याला काहीच नाही, असे तीन गट धरले आहेत. जखमेचे क्षेत्रफळ दर चार दिवसांनी मोजेन. यात काय उणे आहे?

ऊतिपरीक्षक:
चौथा गट हवा, ज्याला केवळ घृत लावलेले असेल. तो नसेल तर दिसलेला फरक कोरफडीमुळे पडला की स्निग्ध आधारद्रव्याने जखम ओलसर ठेवल्यामुळे, हे सांगता येणार नाही. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवून दिले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते. त्यामुळे ‘काहीच न लावलेल्या’ गटापेक्षा कोणतेही मलम सरस ठरण्याची शक्यता मोठी असते. सिल्व्हर सल्फाडायझिनला मागे टाकल्याचा आनंदही जपूनच मानावा, कारण ते जंतूंना आवरत असले तरी नव्या त्वचेची वाढ मंदावते.

जळीत_विभाग:
वरील मुद्द्याशी मी सहमत आहे, पण मला अधिक खटकते ते क्षेत्रफळ. उंदराची त्वचा सैल असते आणि तिच्याखालील स्नायूच्या पातळ थरामुळे जखम मुख्यतः आकसून मिटते, तर माणसाची जखम बव्हंशी नव्या त्वचेने झाकली जाते. आकसणे रोखण्यासाठी जखमेभोवती कडे शिवावे किंवा निदान ऊतीचे छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे पातळ काप) घेऊन नव्या त्वचेचे प्रमाण वेगळे मोजावे. भाजण्याची खोलीही छेदानेच पडताळा. उथळ जखम दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते आणि श्रेय मलमाला मिळते. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. वेदनाशामक औषधाची तरतूद नसेल, तर नैतिकता समितीने आराखडा परत पाठवणेच योग्य.

द्रव्यगुण_अभ्यासक:
घृताचा गट आणि छेद दोन्ही घालते. निष्कर्ष चांगले आले, तर हेच मलम पुढे रुग्णांवर तपासता येईल का?

जळीत_विभाग:
या स्वरूपात नाही. जखमेवर लावल्या जाणाऱ्या मधाचेच पाहा: त्यात जीवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तापवल्यास हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करणारे विकर (एन्झाइम) नष्ट होते, म्हणून वैद्यकीय मध सहसा गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तुमच्या मलमात पाणी, गर आणि स्निग्धांश एकत्र आहेत. ते किती दिवस जंतुविरहित राहते, हे आधी दर आठवड्याला तपासून पाहा.