भाऊ एमआयडीसीतलं काम सोडून व्हिडिओच करतो म्हणतोय. घर चालेल का त्यावर?

उचगावची_ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ 23 वर्षांचा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतो, हातात 16 हजार पडतात. दीड वर्ष झालं, सुट्टीदिवशी पन्हाळा, मसाई पठार, बर्कीचा धबधबा असे व्हिडिओ टाकतोय. यूट्यूबवर 2,300 सबस्क्रायबर आहेत, चॅनेल मॉनेटाईझ झालंय, म्हणजे जाहिरातीचे पैसे मिळू शकतात. गेल्या महिन्यात त्याची एक रील आठ लाख लोकांनी बघितली आणि तेव्हापासून "ताई, मी काम सोडतो" हा एकच धोशा लावलाय. वडील नाहीत आम्हाला, घराचा हप्ता चालू आहे. आई दोन दिवस धड जेवली नाही. मला त्याचं मन मोडायचं नाही, पण कशाच्या भरवशावर हो म्हणू? आपल्या भागात यावर खरोखर घर चालवणारं कोणी आहे का? आकडे सांगितलेत तर उपकार होतील.

हौद्याच्या_कडेला
ताई, मी चालवतोय, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

2019 पासून मी कुस्ती मैदानांचे व्हिडिओ करतो. करवीर, कागल, शाहूवाडी, वारणानगरचं डिसेंबरातलं मैदान, पार कुंडलपर्यंत जातो. पहिला पैसा बघायला 14 महिने लागले. एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत लोकांनी 4,000 तास व्हिडिओ बघणं ही यूट्यूबची अट तुमच्या भावानं पार केली, ती साधी गोष्ट नाही, त्याबद्दल त्याची पाठ थोपटा. पण अट पार झाली म्हणजे पगार सुरू झाला असं नसतं. खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटतच नाहीत.

आता ती आठ लाखांची रील. तिचे खात्यात किती जमा झाले, एवढंच त्याला शांतपणे विचारा. माझ्या एका शॉर्टला, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या व्हिडिओला, 11 लाख व्ह्यूज गेले, त्याचे दीड हजारसुद्धा आले नाहीत. त्याच मैदानातल्या शेवटच्या जोडीचा 42 मिनिटांचा व्हिडिओ तीन लाख लोकांनी बघितला, त्याचे नऊ हजार आले. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के आपल्याला मिळतात, पण मराठी व्हिडिओवर जाहिरातच स्वस्तात लागते, त्याला आपण काय करणार?

माझं घर जाहिरातीवर चालत नाही. यात्रा कमिटी लाइव्ह दाखवायचे पाच ते आठ हजार देते, त्यावर चालतं. कोपऱ्यात ट्रॅक्टरवाल्याची किंवा सराफाची जाहिरातीची पट्टी फिरते, तिचे वेगळे. त्यातून पेट्रोल, दुसऱ्या कॅमेऱ्यावरच्या पोराची हजेरी (दिवसाची मजुरी) आणि दोन कंपन्यांची सिमकार्डं जातात. मैदानात दहा हजार माणूस जमलं की एका कंपनीचं नेटवर्क हमखास झोपतं. आणि हे सगळं दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. मृग लागला की मैदानं बंद, माझी आवक बंद. पहिल्या पावसाळ्यात बायकोच्या बांगड्या ठेवाव्या लागल्या. आता हंगामातच चार महिन्यांचं बाजूला काढतो. वर्षाची सरासरी धरली तर महिना 21-22 हजार बसतात, ना पीएफ, ना ईएसआय.

एक फटका सांगतो. एका गावात कुस्त्या सुरू व्हायच्या आधी भोंग्यावर सिनेमाचं गाणं लागलं होतं. माझ्या लाइव्हमध्ये ते जेमतेम तीन मिनिटं आलं. कॉपीराइटचा दावा पडला आणि त्या अख्ख्या मैदानाचे जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे गेले. तेव्हापासून कमिटीला आधीच सांगतो, हलगी-घुमकं वाजू दे, गाणं नको. भावाला म्हणावं, धबधब्याखाली गाणं लावत असशील तर आधी ते बघ.

मग मी का करतो? गेल्या वर्षी जम्मूवरून एका जवानाचा फोन आला. त्याचं पोरगं दहा वर्षांचं, सुरुवातीच्या शंभर रुपयांच्या कुस्तीत उतरणार होतं. एवढ्या लहान कुस्त्या कोणी दाखवत नाही. तो म्हणाला, "पडलं तरी चालेल दादा, पण दाखवा." मी दोन तास आधी जाऊन कॅमेरा लावला. पोरगं पडलं. उठून लंगोटाची माती झाडली आणि कॅमेऱ्याकडं बघून हात वर केला. बाप फोनवर रडत होता. या कामाला मी हलकं म्हणू देणार नाही कुणाला.

तुमच्या भावाचं माझ्या उलट आहे. त्याचा हंगाम पावसाळा. आता उन्हाळा तोंडावर आलाय, बर्कीला पाणी नसतं तेव्हा तो काय दाखवणार? मार्च ते मे या तीन महिन्यांत जे येईल तीच त्याची खरी कमाई. तेवढं बघितल्याशिवाय राजीनामा देऊ देऊ नका.

डंकावरची_चटणी
दादांशी सहमत, पण थोडं वेगळं सांगते. माझं रेसिपीचं चॅनेल आहे, जाहिरातीचे महिन्याला चारेक हजार येतात. घर चालतं ते कांदा-लसूण चटणीवर. बायका व्हिडिओ बघतात आणि खाली विचारतात, "काकू, ही विकत देता का?" खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी केली, मिरची-मसाला डंकावर कुटून घेते आणि कुरिअर करते. मार्च-एप्रिलमध्ये डंकावर नंबर लागत नाही एवढी गर्दी. व्हिडिओ नसता तर पुण्या-मुंबईच्या बायकांना मी कुठनं सापडले असते?

तुमच्या भावाकडं विकायला काय आहे, ते शोधा. पन्हाळ्याच्या खोल्या देणाऱ्यांशी बोलू दे. ट्रेकला माणसं न्यायला येतं का त्याला? आणि ताई, 23 हे वय करून बघायचंच आहे. मी 46 व्या वर्षी सुरू केलं.

यंत्रमागाचा_पोरगा
इचलकरंजीतून बोलतोय. टिकटॉकवर माझे 80 हजार फॉलोअर होते, दोन दुकानं जाहिरातीला पैसे द्यायची. 29 जून 2020 ला रात्री बंदीची बातमी आली आणि थोड्याच दिवसांत सगळं गेलं, व्हिडिओसुद्धा. आठ महिने मागावर परत उभा राहिलो. भावाला सांगा, सगळे व्हिडिओ हार्ड डिस्कवर ठेव आणि बघणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आजच काढ.

उचगावची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री त्याला हे वाचून दाखवलं. यूट्यूबचं ॲप उघडून त्यानं स्वतःच दाखवलं, आजवर 38 डॉलर जमलेत, रीलचे शून्य. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, जूनपर्यंत काम सोडत नाही, पण रविवारचा ओव्हरटाइम घेणार नाही. मला ते पटलं. आईनं भाकरी केली, तिघं एकत्र जेवलो.

दादा, एक विचारू का? तुमच्याबरोबर एखाद्या मैदानाला त्याला दुसऱ्या कॅमेऱ्यावर न्याल का? हजेरी नको.

हौद्याच्या_कडेला
हजेरी घ्यावी लागेल, फुकट कुणाला उभं करत नाही. रविवारी कागल तालुक्यात मैदान आहे. सकाळी अकराला दसरा चौकात थांबू दे. टोपी आणि पाण्याची बाटली आणायला सांगा, आणि फोन पूर्ण चार्ज करून.