मदत हवी आहे: मागचा टायर घरी बदलू की दुकानात देऊ?

सोलापूरकर मंडळी, नमस्कार. माझ्या स्प्लेंडरचा मागचा टायर पार गुळगुळीत झालाय. तारांची रिम, ट्यूबवाला टायर. नवीन आणून घरीच बसवावा म्हणतोय, पण मन धजावत नाही.

दुकानातली मजुरी फार नसते, हे मान्य. पण गेल्या वेळी एका ठिकाणी नवीन ट्यूब टॉमीखाली (टायर रिमवरून उचकटायची लोखंडी पट्टी) चिमटली, दुसऱ्याच दिवशी चाकातली हवा गेली, आणि 'काटा लागला असेल' म्हणत पुन्हा पैसे घेतले. ट्यूबवर शेजारीशेजारी दोन चिरा होत्या. काट्याला दोन तोंडं असतात का राव?

चाक काढणं जमतं: ब्रेकचा रॉड, एक्सलचा नट, चेन. अडतंय ते पुढं. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली की समोरची बाजू सैल होते म्हणे. ते एकट्यानं होतं का? गुडघ्यानं दाबता की कसं? टायर मऊ पडायला उन्हात ठेवा असंही कुणी सांगितलंय. आता मे महिन्यात सोलापुरात उन्हाला काय तोटा! ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून घातली तर चिमटत नाही, हे खरं का?

आणि चांगल्या टॉमीची जोडी गावात कुठं मिळेल? नाहीतर सुटं चाक नेलं तर आपल्यासमोर नीट बसवून देणारा कुणी जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडं माहितीत असेल तर तेही सांगा.