मदत हवी आहे: बॉलिंग बॉल आता वळतच नाहीये, घासू की पॉलिश करू?

नमस्कार मंडळी, मी वाशीला राहतो, दर रविवारी ठाण्याला बॉलिंग खेळायला जातो. गेल्या वर्षी एका मित्राकडून 14 पाउंडचा रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा जुना बॉल घेतला, सुरुवातीला काय वळायचा राव, शेवटच्या पंधरा-वीस फुटांत असा आत घुसायचा की बघत राहावं. आता दोन महिने झाले, 60 फूट सरळच जातो, त्यापेक्षा तिथला प्लास्टिकचा हाऊस बॉल काय वाईट.

मला एवढं कळतं की रिअ‍ॅक्टिव्हचं वरचं आवरण लेनवरचं तेल शोषतं, म्हणूनच पकड मिळते, आणि तेच तेल आत साठलं की बॉल मरतो. फेकून परत आला की बॉलवर तेलाच्या रिंगा दिसतात, अंगठ्याच्या भोकाजवळ तर काचेसारखा गुळगुळीत पट्टाच झालाय, नख फिरवलं तरी सरकतं. कोअरमध्ये (बॉलच्या आतल्या वजनदार गाभ्यात) काही दोष नसावा कारण रिंगा अजूनही पसरलेल्या दिसतात, एकावर एक नाही.

आता प्रश्न असा की आधी कोमट पाण्यात ठेवून तेल काढू, आणि मग 2000 ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितकं बारीक) पॅडने घासू का? की 1000 ने सुरू करू? खरखरीत ठेवला तर लवकर वळतो, पॉलिश केला तर लांब जाऊन वळतो हे माहितीये, पण आमच्या लेनवर पुढे तेल भरपूर आणि मागे एकदम कोरडं असतं. भोकांत पाणी जाऊ नये म्हणून काय लावता? आणि ठाणे-नवी मुंबईत हे काम मशीनवर नीट करून देणारं कोणी आहे का? प्लीज सांगा, फार जीव आहे या बॉलवर.